धाकटी

धाकटी दिसायला अगदी साधी. हाताच्या पंज्यात मावेल एवढी, पण उचलली की मनगटाला वजन कळतं. ६०० ग्रॅमच्या आसपास भरावी. वरचं अंग ॲल्युमिनियमचं, त्यावर बारीक अक्षरांची चिठ्ठी. खालच्या अंगाला हिरवं सर्किट उघडंच. मागे पिनांची दोन ओळींची रांग, चाळिसांच्या जागी एकोणचाळीसच, कारण मधली एक पिन मुद्दाम गाळलेली. केबल उलटी बसू नये म्हणून. शेजारी पॉवरच्या चार जाड पिना, आणि या दोन रांगांच्या मधल्या जागेत तांदळाच्या दाण्याएवढा जंपर. झाकणावर एका बाजूला छोटंसं भोक आणि ते झाकू नका अशी सूचना. त्या भोकातून ती श्वास घेते.

हे मी अलंकारिक बोलत नाही. हार्ड डिस्क म्हणजे हवाबंद डबा असं पुष्कळांना वाटतं, पण तिला हवा लागते. आत चकत्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात. त्या वेगात चकतीच्या कडेचा एखादा बिंदू ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असतो. चकतीबरोबर हवेचा पातळ थर ओढला जातो आणि त्या थरावर वाचणारं-लिहिणारं हेड तरंगतं. चकती आणि हेड यांच्यातलं अंतर नॅनोमीटरमध्ये मोजायचं. सिगारेटच्या धुराचा कणही त्या फटीत मावत नाही. म्हणून भोकाच्या आत गाळणी बसवलेली असते. बाहेरचा दाब बदलला की हवा आत-बाहेर होते, धूळ मात्र आत जात नाही. फार उंचावर हवा विरळ झाली की हेड तरंगेनासं होतं. साधारण ३००० मीटरच्या वर चालवू नका असं अशा डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असे. आमच्या डोंबिवलीत ती अडचण नव्हती. डोंबिवलीत अडचणी दुसऱ्या होत्या.

घरात दुसरी आली म्हणून ती धाकटी. कॉम्प्युटरबरोबर २००० साली आलेली १० जीबीची डिस्क ती थोरली. कॉम्प्युटर असेंबल केलेला: पेंटियम थ्री, विंडोज ९८, करड्या रंगाचं उभं कॅबिनेट. बाबा निवृत्त झाले होते आणि त्यांनी आमच्या कुळाचा कुलवृत्तांत करायला घेतला होता. पोस्टकार्डं पाठवून, गावोगावच्या नातेवाइकांकडे जाऊन त्यांनी वंशावळी जमवल्या. मजकूर श्री-लिपीत टाइप होत होता. जुने फोटो, मोडीतले कागद, लग्नपत्रिका स्कॅन होत होत्या. थोरलीचे दोन भाग पाडलेले होते, सी आणि डी. सीमध्ये विंडोज, डीमध्ये कुलवृत्तांत. चार वर्षांत डी भरला आणि सीलाही श्वास घ्यायला जागा उरली नाही.

आज हे फार क्षुल्लक वाटेल. १० जीबी म्हणजे आता फोनमधले थोडेसे व्हिडिओ. पण या वस्तूची चाल मुळातच अशी आहे. १९५६ साली आयबीएमने रामॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली डिस्क बाजारात आणली. चोवीस इंची ५० चकत्या, कपाटाएवढा सांगाडा, आणि मावत होती ५० लाख अक्षरं. आमचा कुलवृत्तांत स्कॅन केलेल्या चित्रांशिवाय त्यात मावला असता, चित्रं नसती मावली. पुढे १९८८मध्ये आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग या दोघांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट शोधली: धातूंचे अतिपातळ थर एकावर एक रचले, तर बाहेरच्या चुंबकत्वाने त्यांचा विद्युतरोध फार मोठ्या प्रमाणात बदलतो. म्हणजे पूर्वी जाणवलाच नसता इतका क्षीण चुंबकी ठिपकाही वाचता येतो. ठिपका लहान झाला की त्याच चकतीवर जास्त मजकूर मावतो. १९९७ साली आयबीएमने ते तत्त्व वापरलेली हेड असणारी डिस्क विकायला काढली, आणि २००७ साली या दोघांना नोबेल मिळालं. ग्रँट रोडच्या दुकानात २००४ साली ८० जीबीची डिस्क एका निवृत्त माणसाला परवडावी, यामागे हे सगळं होतं.

दुकान लॅमिंग्टन रोडवरचं. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरचं सामान आणायला जाणारा माणूस कधी त्या नावाने गेला नाही. चंदेरी पिशवीत घालून, वर फुगेवाल्या प्लॅस्टिकचा वेढा देऊन तिला दिली. बाबांनी ती दादरला गाडी बदलून डोंबिवलीपर्यंत मांडीवर आणली. लोकलच्या धक्क्यांची त्यांना काळजी, पण बंद असताना अशी डिस्क पुष्कळ सोसते. हेड तेव्हा कडेला घेतलेली असतात. चकत्या फिरत असताना मात्र टेबलाला बसलेला साधा गुडघाही तिला लागतो. हा फरक मला तिच्या स्वभावाचा गाभा वाटतो: कामात नसताना कणखर, कामात असताना अतिशय हळवी.

बसवायला खालच्या मजल्यावरचा मुलगा आला. तो हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करत होता.

"काका, आधी मेन बंद. आणि तिला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा."

"का रे, शॉक बसेल?"

"तुम्हाला नाही. तिला."

माणसाच्या अंगावरची स्थिर वीज त्याला जाणवतही नाही, आणि तेवढ्याने सर्किटमधली चिप जाऊ शकते. मे महिन्यात डोंबिवलीत घामाने अंग ओलं, तेव्हा भीती कमी. पण त्याची शिस्त मला आवडली. स्क्रूही त्याने निवडून घेतले. डिस्कचे जाड आट्यांचे, सीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे. बारीक आट्यांचा स्क्रू डिस्कला जोर लावून बसवला तर भोकाचे आटे जातात. थोरलीच्या खालचा खण मोकळा ठेवून त्याने धाकटी आणखी एक खण खाली घेतली, दोघींच्या मधून हवा फिरावी म्हणून.

मग जंपर. खरं तर धाकटीच्या आयुष्यातला मोठा निर्णय तोच. आयडीई पद्धतीत एका चपट्या केबलवर दोन डिस्क बसतात आणि दोघींच्याही अंगावर स्वतःचा कंट्रोलर असतो. मदरबोर्डने हाक मारली तर ती दोघींनाही ऐकू जाते. कोणी ओ द्यायची हे आधी ठरलेलं नसेल, तर दोघीही बोलतात आणि बायोसला, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमला, काहीच धड कळत नाही. कधी एकही दिसत नाही, कधी तिसऱ्याच नावाची विचित्र अक्षरं उमटतात. म्हणून एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह करायचं. चिमट्याने तो दाणा एका जोडीवरून काढून दुसऱ्या जोडीवर सरकवायचा, चिठ्ठीवरच्या आकृतीत बघून. प्रत्येक कंपनीची आकृती वेगळी. काहींत एकट्या डिस्कसाठी निराळी जागा असते. म्हणजे धाकटी आली की थोरलीचाही जंपर एकटीच्या जागेवरून मास्टरच्या जागेवर आणावा लागतो. नव्या डिस्कचं सगळं नीट करून जुनीकडे बघायचंच राहिलं, की मग तासभर कोडं सुटत नाही. त्या मुलाने आधी थोरलीच पाहिली.

केबल ८० तारांची, कनेक्टर मात्र चाळीसचाच. वाढीव चाळीस तारा मजकूर नेत नाहीत. त्या मधेमधे जमिनीला जोडलेल्या असतात, वेग वाढला की शेजारच्या तारांची कुजबुज एकमेकींत मिसळू नये म्हणून. निळं टोक बोर्डात, काळं टोक थोरलीला, मधलं करडं धाकटीला. एका कडेची तार लाल, ती पिन क्रमांक एकची बाजू. केबलची लांबीही ठरलेली, १८ इंचांपर्यंत.

झाकण न लावताच कॉम्प्युटर चालू केला. पंखा, फ्लॉपीची घरघर, थोरलीचा ओळखीचा किणकिणाट, आणि त्यात एक नवा, खालच्या पट्टीतला, एकसुरी आवाज. डिलीट दाबून बायोसमध्ये गेल्यावर प्रायमरी स्लेव्हसमोर इतकी वर्षं ‘नन’ होतं, तिथे तिचं नाव आलं. बाबा चष्मा वर करून ते पुन्हा पुन्हा वाचत होते.

आता सुरू झाली तिच्या मोठेपणाची मोजदाद, आणि तिच्याविषयी मला खरी माया वाटली ती इथे. खोक्यावर ८० जीबी. विंडोजच्या हिशेबात ७४.५, कारण कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज दर पायरीला १०२४ने भागते. कोणी फसवलेलं नसतं, मापं दोन असतात. पार्टिशन पाडायच्या विंडोज ९८च्या एफडिस्कने तर तिला सुमारे १०,८०० एमबी ठरवलं. त्या प्रोग्रॅमचा हिशेब ६४ जीबीपर्यंतच चालायचा. त्यापुढे गेला की तो ६४ टाकून देऊन उरलेलंच दाखवायचा. सुधारलेला एफडिस्क मिळत असे, तो त्या मुलाच्या फ्लॉपीवर होता. आमच्या बोर्डाहून जुन्या कितीतरी बोर्डांचा बायोस ३२ जीबीपुढची डिस्क पाहिली की गोठून बसे. त्यांच्यासाठी डिस्कवर आणखी एक जंपर असायचा. तो लावला की ८० जीबीची डिस्क स्वतःला ३२ची म्हणवून घ्यायची, म्हणजे निदान कॉम्प्युटर सुरू तरी व्हायचा. आणि आमच्या बोर्डाचीही एक मर्यादा होतीच: सेक्टरचा पत्ता लिहायला २८ बिट, सेक्टर ५१२ बाइटचा, गुणाकार १३७ जीबी. ४८ बिटांचा पत्ता नंतर आला. जुन्या यंत्रणेत १३७च्या पलीकडे लिहायला जावं, तर पत्ता फिरून पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याचा धोका, म्हणजे नवा मजकूर जुन्याच्या छाताडावर. म्हणून बाबांनी स्वस्तात मिळणारी १६० जीबीची न घेता ८०ची घेतली, हे फार शहाणपणाचं झालं.

एफडिस्कमध्ये दोन डिस्क असल्या तरच पाचवा पर्याय दिसतो, कुठल्या डिस्कवर काम करायचं ते विचारणारा. तो निवडायला विसरलं तर पार्टिशन थोरलीची उडतात. त्या मुलाने स्क्रीनला बोट लावून बाबांकडून डिस्कचा क्रमांक दोनदा वाचून घेतला.

"काका, हिच्यावर प्रायमरी पार्टिशन नाही पाडायचं."

"का? थोरलीवर आहे ना?"

"म्हणूनच. हिच्यावर पाडलं तर ही डी होईल आणि तुमचा डी ई होईल."

विंडोज ९८ अक्षरं वाटायची ती अशी: आधी प्रत्येक डिस्कच्या प्रायमरीला, मग उरलेल्यांना. नवी डिस्क प्रायमरी घेऊन आली की सीच्या लगेच पुढचं अक्षर तिला, आणि जुन्या डीला मागे सरकावं लागे. डेस्कटॉपवरचे सगळे शॉर्टकट रिकाम्या जागेकडे बोट दाखवू लागत, प्रोग्रॅमना आपल्या फाइली सापडत नसत, आणि डी उघडल्यावर काहीच नाही असं पाहून घरोघरी किती माणसांचे हातपाय गळाले असतील. कुलवृत्तांताचं सहाशे पानांचं काम ज्याने डीमध्ये ठेवलं आहे, त्याला हा धक्का द्यायचं कारण नव्हतं. धाकटीवर फक्त एक्सटेंडेड पार्टिशन पाडलं, त्यात लॉजिकल ड्राइव्ह. ती गुपचूप थोरलीच्या डीच्या मागे ई होऊन बसली. सरकावं लागलं ते फक्त सीडी ड्राइव्हला.

फॉरमॅटला वेळ लागला, मग बाबांनी पहिलं फोल्डर कॉपी केलं. ते सावकाश गेलं. एकाच केबलवर दोघी असल्या की एका वेळी एकीलाच बोलता येतं. थोरली थोडं वाचून देणार, मग धाकटी ते लिहून घेणार, मग पुन्हा थोरली. ती निळी पट्टी सरकताना बघत बाबा चहा घेऊन बसले.

विंडोज चालवायला धाकटी कधी लागली नाही. ती नसती तरी कॉम्प्युटर सुरू झाला असता. उलट थोरली नसती तर धाकटी एकटी काही करू शकली नसती. पण घरातलं पुन्हा न मिळणारं जे जे होतं, ते सगळं हळूहळू तिच्याकडे गेलं. फोटो, आजीच्या आवाजाची कॅसेटवरून उतरवलेली ध्वनिफीत, बहिणीच्या लग्नाचं चित्रण. ते चित्रण तुकडे करूनच ठेवावं लागलं, कारण फॅट ३२मध्ये ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. विंडोज वरचेवर उडायची. कोणीतरी यायचं, म्हणायचं, "फॉरमॅट मारावा लागेल," आणि त्या वाक्याने पूर्वी बाबांच्या पोटात गोळा यायचा. धाकटी आल्यावर ते शांतपणे म्हणत, "मार. ईला हात लावू नकोस."

लोडशेडिंगच्या वर्षांत तिची एक शक्ती पाहिली. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, दोन-चार टूंटूं करून सगळं अंधारात. फिरत्या चकतीवर तरंगणारं हेड अशा वेळी चकतीवर कोसळायला हवं. कोसळत नाही. वीज गेली तरी चकत्या क्षणभर स्वतःच्या वेगाने फिरत असतात. तेवढ्या वेळात त्यांची मोटर उलट वीज तयार करणारं जनित्र होते, आणि त्या उरल्यासुरल्या विजेवर हेड ओढून सुरक्षित जागी नेलं जातं. अर्धवट लिहिलेली फाइल वाचेलच असं नाही, चकती मात्र वाचते. ज्या अभियंत्याने हे पहिल्यांदा योजलं, त्याला आमच्याकडच्या वेळापत्रकाची कल्पना नसेल, पण त्याने ते जणू आमच्यासाठीच केलं होतं.

थोरली २००७च्या उन्हाळ्यात गेली. आधी कॉम्प्युटर मधेच थांबायला लागला, मग कॅबिनेटमधून टक्‌, थांबून पुन्हा टक्‌. हेड जागा शोधायला जातं, सापडत नाही, परत येऊन आपटतं, पुन्हा जातं. खालचा मुलगा तोवर नोकरीला लागला होता, रविवारी आला आणि कान लावून ऐकून म्हणाला, "काका, सी गेला आणि डीही गेला."

अनेकांचा समज इथेच फसवतो. सीवर विंडोज आणि डीवर कामाचं ठेवलं की काम सुरक्षित, असं सर्रास मानलं जायचं. विंडोज उडण्यापुरतं ते खरं आहे. पण सी आणि डी या एकाच चकत्यांवर आखलेल्या रेषा. हेड गेलं, मोटर अडकली, की दोन्ही एकदम जातात. अक्षरं वेगळी असून उपयोग नाही, धातू वेगळा लागतो. आमच्याकडे तो होता. कुलवृत्तांत धाकटीकडे पूर्ण होता.

तरी त्या दिवशी मी जास्त धास्तावलो ते नंतर. थोरली होती तोवर दोन प्रती होत्या. ती गेल्यावर धाकटी एकुलती एक प्रत झाली, आणि तीही त्याच कॅबिनेटमध्ये, वीज पुरवणाऱ्या त्याच एसएमपीएसच्या तारेवर. एसएमपीएस बिघडून १२ व्होल्टच्या जागी भलतंच काही आलं, तर एकाच झटक्यात सगळं. नवी डिस्क आणून विंडोज एक्सपी टाकायच्या आधी, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावून, आम्ही धाकटीच्या डीव्हीडी मारल्या आणि एक संच पुण्याला काकांकडे पाठवला. प्रत दुसऱ्या छपराखाली असेल तरच तिला प्रत म्हणावं, या मतावर मी आजही ठाम आहे.

तिच्या कुळाचा वृत्तांत मात्र पार बदलून गेला. क्वांटमच्या डिस्क मॅक्सटरकडे गेल्या, मॅक्सटर सीगेटने घेतली. आयबीएमचा धंदा हिताचीकडे आणि तिथून वेस्टर्न डिजिटलकडे. सॅमसंगचाही सीगेटकडे. आता हार्ड डिस्क करणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. आयडीईची जागा साटाने घेतली, तिथे एका केबलवर एकच डिस्क, मास्टर-स्लेव्हचा प्रश्नच नाही. नव्या बोर्डांवर तो चाळीस पिनांचा खाचा उरलेला नाही.

म्हणून परवा धाकटीला यूएसबी अडॅप्टर लावावा लागला, १२ व्होल्टच्या वेगळ्या पॉवर सप्लायसकट. यूएसबीची वीज तिच्या मोटरला पुरत नाही. पहिल्यांदा दिसलीच नाही. ती अजून स्लेव्हवर होती, आणि आमचा अडॅप्टर फक्त मास्टरला ओळखणारा. चिमट्याने जंपर सरकवला. तोच खालच्या पट्टीतला आवाज आला आणि ई ड्राइव्ह जशाचा तसा उघडला.

अक्षरं मात्र उघडली नाहीत. फाइल सुखरूप, आणि पडद्यावर परदेशी चिन्हांची रांगोळी. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत ‘क’चा क्रमांक ज्याचा त्याने ठरवलेला, तो फाँट नसला की मजकूर असून नसल्यासारखा. बाबांनी धाकटीवर फाँटांचं फोल्डरही ठेवलं होतं, त्यामुळे वाचता आलं. पण पुढच्यांसाठी ते युनिकोडमध्ये आणायलाच हवं, जिथे प्रत्येक अक्षराचा क्रमांक जगभर एकच. विंडोज एक्सपीबरोबर घराघरात आलेला मंगल फाँट मुंबईच्या र. कृ. जोशींनी रेखलेला, मराठी माणसाला युनिकोडचं पहिलं दर्शन बहुधा त्याच अक्षरांत झालं.

जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर पुष्कळ काम करतो, सगळं नाही. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली, रफार नंतर. त्यांच्या जागा उलटाव्या लागतात, आणि कुठेतरी चुकतंच. सगळ्यात वाईट हाल ‘ऱ्ह’चे. गोऱ्हे, कऱ्हाडकर, वऱ्हाडपांडे यांच्या ठिकाणी काय वाटेल ते उमटतं, आणि कुलवृत्तांतात आडनाव चुकून चालत नाही. बाबांना आता बारीक दिसत नाही. आई स्क्रीनवरून मोठ्याने वाचते, ते ऐकतात, आणि सध्या दोघांचा वाद चालू आहे तो तिसऱ्या पिढीतल्या एका सुनेच्या माहेरच्या आडनावावरून. आई म्हणते कुऱ्हाडे, बाबा म्हणतात कऱ्हाडे. धाकटीवरच्या स्कॅनमध्ये त्या सुनेची मूळ लग्नपत्रिका आहे, पण ती मोडीत.